डॅशबोर्डचा दरडोई खर्च आणि मुक्तस्रोताचा पर्याय

व्यवहारातून साठत जाणाऱ्या नोंदी एकत्र करून त्यांतून निर्णयाला उपयोगी पडणारे आकडे, तक्ते आणि आलेख उभे करणाऱ्या संगणकप्रणालींना बिझनेस इंटेलिजन्स, थोडक्यात बीआय, म्हणतात. आणि या प्रणालींवरचा खर्च अनेक संस्थांत ज्या वेगाने वाढतो त्याचे मूळ नोंदींच्या आकारमानात कमी आणि आकारणीच्या पद्धतीत अधिक असते. बहुतेक व्यावसायिक बीआय प्रणाली दरडोई परवान्यावर दिल्या जातात. म्हणजे अहवाल तयार करणारा एकच असला, तरी तो अहवाल नुसता उघडून पाहणाऱ्या प्रत्येकामागे दरमहा भाडे भरावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या प्रणालीच्या प्रो परवान्याचा यादीतील दर अनेक वर्षे दरमहा दरडोई १० डॉलर होता, तो एप्रिल २०२५ पासून १४ डॉलर झाला. माणशी चार डॉलरची वाढ ऐकायला किरकोळ वाटते. पण अडीचशे माणसांच्या संस्थेत तीच वाढ वर्षाला १२,००० डॉलरची होते, आणि त्या बदल्यात संस्थेच्या हाती एकही नवा आकडा येत नाही.

दरडोई आकारणीचा दुसरा परिणाम जमाखर्चात दिसत नाही. परवाने महाग असल्यामुळे ते मोजून दिले जातात, आणि मग आकडे पाहण्याचा अधिकार कामाच्या गरजेवरून न ठरता हुद्द्यावरून ठरू लागतो. ज्याच्या हातून काम घडते त्या गोदामपालाला, शाखेतल्या लिपिकाला किंवा दूध संकलन केंद्राच्या सचिवाला आपल्याच कामाचा आकडा पाहता येत नाही. त्यावर पळवाटा निघतात: एकाच्या नावाचा परवाना घेऊन पाच जण पासवर्ड वाटून घेतात, किंवा मुख्यालयातील कोणीतरी रोज सकाळी डॅशबोर्डचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲप गटावर टाकतो. पहिल्या वाटेने कराराचा भंग होतो, दुसरीने आकडा शिळा होतो, आणि दोन्हींत कोणी काय पाहिले याची नोंद राहत नाही. मुक्तस्रोत प्रणालीचा विचार प्रामुख्याने या ठिकाणी करायचा असतो. तिच्यामुळे पैसे वाचतात हे खरे, परंतु पाहणाऱ्यांची संख्या आणि खर्च यांची गाठ सुटते, हा तिचा अधिक मोलाचा लाभ होय.

ज्या प्रणालीची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, वापरता, बदलता आणि पुढे देता यावी अशा परवान्याखाली प्रसिद्ध केलेली असते, तिला मुक्तस्रोत म्हणतात. ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली, तरी तिच्यामागचा विचार रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पापर्यंत मागे जातो. बीआयच्या क्षेत्रात या वर्गातील दोन नावे आज विशेष विचारात घेण्याजोगी आहेत. अपाची सुपरसेट ही प्रणाली मॅक्सीम बोशमँ यांनी २०१५ मध्ये एअरबीएनबी या कंपनीत सुरू केली. पुढे ती अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या संस्थेचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाली. मेटाबेस ही दुसरी प्रणाली २०१५ मध्येच प्रसिद्ध झाली. तिची एक विनामूल्य आवृत्ती मुक्तस्रोत परवान्याखाली मिळते, आणि काही अधिक सोयी असलेल्या आवृत्त्यांसाठी पैसे आकारले जातात.

या दोन्हींचे परवाने सारखे नाहीत, आणि तो फरक निर्णय घेणाऱ्याला ठाऊक असला पाहिजे. सुपरसेटचा अपाची परवाना अतिशय सैल आहे: प्रणाली बदलून वापरली, विकली किंवा स्वतःच्या उत्पादनात गुंफली, तरी बदललेली आज्ञावली उघड करण्याचे बंधन येत नाही. मेटाबेसच्या मुक्त आवृत्तीला एजीपीएल हा परवाना लागू आहे. त्यानुसार आज्ञावलीत बदल करून ती जाळ्यावरून इतरांना वापरायला दिली, तर तो बदल त्या वापरणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो. जी संस्था मेटाबेस जसेच्या तसे घेऊन आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी चालवते तिला या अटीची झळ बसत नाही. मात्र जी कंपनी आपल्या ग्राहकांना विकायच्या संकेतस्थळात मेटाबेसचे आलेख बसवू पाहते, तिने परवान्याचा मजकूर वकिलाकडून वाचून घ्यावा हे बरे.

मुक्तस्रोत म्हणजे कायमची हमी, असाही समज करून घेऊ नये. रीडॅश ही लोकप्रिय प्रणाली २०२० मध्ये डेटाब्रिक्स या कंपनीने विकत घेतली आणि तिची भाड्याने मिळणारी सेवा २०२१ च्या अखेरीस बंद झाली. यंत्रांवरच्या मोजमापांचे आलेख काढण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ग्राफानाने २०२१ मध्ये आपला सैल परवाना सोडून एजीपीएल स्वीकारला. परंतु यांतील रीडॅशची गोष्ट नीट पाहिली तर मुक्तस्रोताचे बळ तीतच दिसते. ज्यांनी ती प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर बसवली होती त्यांचे काम दुसऱ्या दिवशीही चालू राहिले, आणि आज्ञावली उघडी असल्यामुळे वापरणाऱ्यांच्या समूहाने तिची देखभाल पुढे नेली. याउलट टॅब्लो ही बंद आज्ञावलीची बीआय प्रणाली २०१९ मध्ये सेल्सफोर्सकडे गेली, लुकर ही तशीच प्रणाली गूगलकडे गेली; अशा हस्तांतरानंतर दर किंवा योजना बदलल्या तर बंद प्रणालीच्या ग्राहकाला नवे दर मान्य करणे किंवा घाईने बाहेर पडणे एवढेच करता येते.

आता हिशेब. तो प्रत्यक्ष उदाहरणावर मांडला तरच त्यातले खाचखळगे दिसतात, म्हणून एका मध्यम आकाराच्या सहकारी दूधसंघाची कल्पना करावी, ज्यात अहवाल बनवणारे २० आणि ते पाहणारे २२० असे एकूण २४० जण आहेत. दरमहा १४ डॉलर आणि डॉलरचा भाव ८५ रुपये धरला, तर एका माणसाचा वार्षिक परवाना १४,२८० रुपयांचा होतो आणि २४० जणांचा ३४ लाख २७ हजार २०० रुपयांचा. त्यावर १८ टक्के जीएसटी येतो. ज्याची सर्व विक्री करपात्र आहे अशा उद्योगाला तो पुढे वळता करून घेता येतो, परंतु ताजे आणि पाश्चरीकृत दूध करमुक्त असल्यामुळे दूधसंघाला त्या प्रमाणात हा कर स्वतःच सोसावा लागतो. लेखापालाला हे माहीत असते; संगणक विभागाने केलेल्या तुलनेत मात्र हा आकडा बहुधा नसतो, म्हणून तुलना दोघांनी एकत्र बसून करावी. मोठ्या क्षमतेची योजना घेतल्यास नुसते पाहणाऱ्यांना स्वतंत्र परवाना लागत नाही हेही खरे आहे. पण त्या योजनेचे मासिक भाडेच काही हजार डॉलर असते, तेव्हा दोन्ही रकमा शेजारीशेजारी मांडून पाहाव्यात.

मुक्तस्रोताच्या बाजूला परवान्याची रक्कम शून्य लिहिताना बाकीचे रकाने रिकामे ठेवू नयेत. प्रणाली चालवणारा एक जाणकार माणूस हवा. त्याचे वार्षिक वेतन १० लाख धरले, सर्व्हर, साठवण आणि राखीव प्रतींचा (बॅकअपचा) खर्च अडीच लाख धरला, तर दर वर्षीचा स्थिर खर्च साडेबारा लाख होतो. जुने अहवाल नव्या प्रणालीत आणण्यासाठी आणि प्रशिक्षणासाठी पहिल्या वर्षी एकदाच सहा लाख धरले, तर पहिल्या वर्षाचा खर्च साडेअठरा लाख. कर वगळूनही पहिल्या वर्षी सुमारे पावणेसोळा लाख आणि दुसऱ्या वर्षापासून जवळजवळ बावीस लाख वाचतात. हीच मांडणी ४० माणसांच्या संस्थेसाठी केली, तर परवान्यांचा खर्च अवघा ५ लाख ७१ हजार भरतो आणि स्थलांतर सरळसरळ तोट्याचे ठरते. साडेबारा लाखांना १४,२८० ने भागले की समतोलाचा आकडा मिळतो: सुमारे ८८ माणसे. गृहीतके बदलली की हा आकडा हलेल, संस्थेत असा जाणकार आधीपासून असेल तर तो बराच खाली येईल. परंतु प्रत्येक संस्थेने स्वतःचा समतोलाचा आकडा काढल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. एका बाजूला माणशी वाढणारा खर्च आणि दुसऱ्या बाजूला माणसे वाढली तरी फारसा न हलणारा खर्च, असे या तुलनेचे स्वरूप आहे, आणि निर्णय त्यावरच ठरतो.

काही संस्थांनी स्थलांतराच्या वाटेला न जाणेच इष्ट. ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ ची ई५ ही योजना आधीच आहे त्यांना पॉवर बीआय प्रो त्याच पैशांत मिळालेले असते. तेथे ते सोडून वाचणार काहीच नाही. ज्यांचे पाहणारे पंधरा-वीसच आहेत, त्यांनी न वापरलेले परवाने परत करावेत आणि थांबावे. मधला मार्गही आहे आणि तो अनेकदा सर्वांत शहाणपणाचा ठरतो: लेखाविभागातील चार-पाच जणांचे जुने परवाने तसेच ठेवायचे आणि केवळ पाहणाऱ्या मोठ्या समूहाला मुक्तस्रोत प्रणालीवर आणायचे.

काम सुरू करायचे ते नव्या प्रणालीने नव्हे, जुन्या अहवालांच्या मोजणीने. बहुतेक व्यावसायिक प्रणाली कोणता अहवाल कोणी कधी उघडला याची नोंद ठेवतात, परंतु ही नोंद मर्यादित दिवसच जपली जाते. म्हणून निर्णयाच्या किमान तीन महिने आधीपासून ती दर महिन्याला उतरवून घ्यावी. तिच्यावरून कोणते अहवाल रोज लागतात, कोणते केवळ सवयीने बनत राहतात आणि कोणते परवाने कोणी उघडलेच नाहीत हे कळते. एक सावधगिरी मात्र हवी. वर्षअखेरीचे, लेखापरीक्षणाचे आणि बोनसवाटपाचे अहवाल वर्षातून एकदाच उघडले जातात. तीन महिन्यांत कोणी पाहिले नाहीत म्हणून ते मोडीत काढले, तर मार्चअखेरीस धावपळ होते. उरलेले अहवाल जसेच्या तसे नव्या प्रणालीत उतरवण्याचा मोह टाळावा. ज्या बैठकीत जो निर्णय होतो त्याला लागणारे आकडे कोणते, असा प्रश्न विचारला की चाळीस अहवालांचे काम बारा-पंधरांत भागते, असे पुष्कळदा आढळते.

यानंतरची पायरी सर्वांत कष्टाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. जुन्या प्रणालीत वर्षानुवर्षे लिहिलेली सूत्रे तिच्या स्वतःच्या भाषेत असतात, पॉवर बीआयमध्ये डॅक्स नावाच्या भाषेत. आणि ती भाषा सहसा दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीला समजत नाही. ग्राहक अडकतो तो खरा येथे. ही सूत्रे बाहेर काढून एसक्यूएल या सर्वमान्य प्रश्नभाषेत लिहावीत आणि ती बीआय प्रणालीत न ठेवता नोंदींच्या भांडारातच (डेटाबेसमध्ये) दृश्य-तक्त्यांच्या (व्ह्यूंच्या) रूपाने ठेवावीत, म्हणजे उद्या पुन्हा प्रणाली बदलावी लागली तरी सूत्रे जागेवरच राहतील. डीबीटी कोअर हे मुक्तस्रोत साधन याच कामासाठी आहे. त्यात प्रत्येक सूत्र, त्याचे वर्णन आणि त्याची चाचणी एकत्र ठेवता येते.

सूत्र बाहेर काढताना ते बरोबर आहे का, हेही तपासून घ्यावे, कारण चुकीची व्याख्या आलेखाच्या सुबकपणात लपून राहते. दूधसंघाचेच उदाहरण पुढे न्यायचे, तर 'सरासरी फॅट' हा आकडा वरवर सोपा दिसतो. समजा एका केंद्रावर एका वेळेला गायीचे ९० लिटर दूध ३.५ फॅटचे आले आणि म्हशीचे १० लिटर ६.५ फॅटचे आले. दोन्ही आकड्यांची बेरीज करून दोनने भागले तर सरासरी ५.० येते, लिटरच्या प्रमाणात वजन देऊन काढली तर ती ३.८ येते. बहुतेक बीआय प्रणालींत स्तंभावर 'सरासरी' एवढेच निवडले की पहिल्या रीतीचा आकडा मिळतो, आणि तो चुकीचा आहे. टाकीत एकत्र झालेल्या दुधाचे फॅट ३.८ च आहे, आणि सचिवाने डॅशबोर्डवर ५.० पाहिले तर मधले फॅट गेले कुठे, असा संशय निष्पाप माणसावर येतो. अशीच दुसरी गल्लत लिटर आणि किलोची. दुधाची घनता साधारण १.०३ असल्यामुळे १,००० लिटर दूध सुमारे १,०३० किलो भरते. एका तक्त्यात लिटर आणि दुसऱ्यात किलो असतील, तर काही न सांडता, काही न चोरीला जाता तीन टक्क्यांची 'घट' कागदावर उभी राहते. प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याची व्याख्या साध्या मराठीत एका-दोन वाक्यांत लिहून तिच्यावर संबंधित विभागप्रमुखाची संमती घेणे हे स्थलांतरातील खरे बौद्धिक काम आहे, आणि ते कोणतीही प्रणाली आपोआप करून देत नाही.

नवी प्रणाली चालू व्यवहारांच्या भांडाराला थेट जोडू नये. सकाळच्या संकलनाच्या ऐन वेळी कोणी पाच वर्षांचा तुलनात्मक आलेख उघडला, तर नोंदणीचे यंत्र अडखळते आणि केंद्रावर कॅन घेऊन आलेल्यांची रांग वाढते. व्यवहारांच्या नोंदी रात्री किंवा दर तासाला वेगळ्या भांडारात उतरवून घ्याव्यात. त्यासाठी पोस्टग्रेएसक्यूएल हे बर्कले विद्यापीठातील १९८६ मधील प्रकल्पातून वाढलेले मुक्तस्रोत भांडार बहुतेक मध्यम संस्थांना पुरेसे होते. नोंदी कोट्यवधींच्या घरात गेल्या आणि आलेख उघडायला वेळ लागू लागला, की क्लिकहाउससारख्या स्तंभनिहाय साठवण करणाऱ्या भांडाराचा विचार करावा, त्याआधी नको. मोठ्या कंपन्यांचे आराखडे पाहून लहान संस्थेने आरंभीच पाच-सहा साधने एकत्र बांधली, तर वाचलेले पैसे त्यांच्या देखभालीतच जातात.

भारतात ही प्रणाली बसवताना तीन गोष्टी हमखास नडतात, आणि परदेशी मार्गदर्शिकांत त्यांचा उल्लेख सहसा नसतो. पहिली वेळेची. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे पहाटे पाच वाजता मापलेले दूध सर्व्हरच्या दृष्टीने आदल्या रात्री साडेअकराचे ठरते. साडेपाचच्या आत आलेले सगळे दूध एक दिवस मागे सरकते, १ तारखेचे मागच्या महिन्यात जाते, दर दहा दिवसांच्या दूधबिलातील पहिल्या पहाटेचे दूध आधीच्या बिलात जाते, आणि १ एप्रिलच्या पहाटेचे दूध थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. यावर उपाय प्रणालीतील वेळेची निवड बदलण्यापुरता ठेवू नये. व्यवहाराची भारतीय तारीख आणि सकाळ-संध्याकाळची वेळ हे दोन स्वतंत्र स्तंभ दृश्य-तक्त्यातच तयार करावेत आणि सर्व अहवाल त्यांच्यावर आधारावेत. आर्थिक वर्ष, तिमाही आणि सणवार यांचा एक दिनदर्शिका-तक्ताही तेथेच करून ठेवावा, कारण या प्रणाली मूलतः जानेवारीला वर्षारंभ मानतात.

दुसरी गोष्ट अंकांची. मूळ मांडणीत सव्वा कोटीची रक्कम तीनतीनच्या गटांत छापली जाते, आणि लाख-कोटीत विचार करणाऱ्या वाचकाला ती दोनदा वाचावी लागते. सुपरसेटच्या संरचनेच्या फाइलीत पहिला गट तीनचा आणि पुढचे दोनदोनचे अशी व्यवस्था लावता येते. जेथे ती सोय नसेल तेथे रकमेला प्रश्नातच एक लाखाने भागून स्तंभाला 'रक्कम, लाख रुपयांत' असे नाव द्यावे.

तिसरी गोष्ट लिपीची. ठरावीक वेळी ईमेलने जाणाऱ्या अहवालांसाठी सुपरसेट सर्व्हरवरच एक ब्राउझर पडद्याविना उघडते आणि आलेखाचे चित्र काढते; त्या सर्व्हरवर देवनागरी फाँट बसवलेला नसेल, तर स्वतःच्या संगणकावर सुरेख दिसणारी गावांची नावे ईमेलमध्ये रिकाम्या चौकोनांची रांग होऊन येतात. नोटो किंवा लोहित हे विनामूल्य देवनागरी फाँट सर्व्हरवर बसवले की अडचण मिटते. जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या असतील तर काम मोठे आहे. तेथे अक्षरांमागचे संकेतांकच वेगळे असतात आणि ते युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय नावे ना शोधता येतात ना अकारविल्हे लावता येतात. एकाच गावाचे नाव चार प्रकारे लिहिलेले असणे हा तर प्रत्येक संस्थेचा अनुभव आहे. त्यासाठी गावांची एक प्रमाणित यादी करून तिच्यातील संकेतांकच सर्वत्र वापरावा.

सुपरसेट आणि मेटाबेस या दोन प्रणालींतून निवड करताना आलेखांच्या प्रकारांची संख्या हा निकष ठेवू नये. मेटाबेसमध्ये एसक्यूएल न येणाऱ्या माणसालाही पर्याय निवडत निवडत प्रश्न विचारता येतो, ते बसवायला सोपे आहे, आणि शाखा-पातळीवरचे कर्मचारी त्याला लवकर सरावतात. सुपरसेट बसवायला आणि सांभाळायला अधिक जाणकार माणूस लागतो, कारण त्याच्यासोबत आणखी काही पूरक सेवा चालवाव्या लागतात. परंतु ओळनिहाय सुरक्षा, म्हणजे एकाच अहवालात प्रत्येक केंद्राला फक्त स्वतःच्याच ओळी दिसतील अशी व्यवस्था, त्यात विनामूल्य मिळते, तर मेटाबेसमध्ये ती पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे. तीनशे केंद्रांना एकच डॅशबोर्ड द्यायचा असेल तर हा एक मुद्दा बाकी सर्वांवर मात करतो. मुख्यालयात बसून विचार करणाऱ्या पन्नास-शंभर जणांसाठी मात्र मेटाबेसच सोयीचे. शीतकरण टाक्यांच्या तापमानासारखी क्षणाक्षणाची मोजमापे ग्राफानात पाहावीत आणि ठरावीक आकाराच्या कागदावर छापायची बिले-पावत्या जॅस्परसॉफ्टच्या अहवाल-साधनाकडे सोपवाव्यात. एकाच प्रणालीकडून सगळे करून घेण्याचा हट्ट धरू नये.

सुरक्षेचा भार आता संस्थेवर येतो, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. २०२३ मध्ये सुपरसेटबाबत असे उघड झाले की अनेकांनी प्रणालीसोबत येणारी नमुन्याची गुप्त कळ न बदलताच ती इंटरनेटवर खुली ठेवली होती, आणि त्यामुळे परक्याला थेट व्यवस्थापक म्हणून आत शिरणे शक्य होते. पुढच्या आवृत्तीने नमुन्याची कळ असल्यास सुरूच न होण्याची व्यवस्था केली. त्याच वर्षी जुलैत मेटाबेसमध्ये पासवर्डशिवाय सर्व्हरवर आज्ञा चालवता येईल असा दोष सापडला आणि तातडीने दुरुस्त आवृत्ती निघाली. ज्यांनी ती बसवली ते सुरक्षित राहिले. म्हणून प्रणाली इंटरनेटवर उघडी न ठेवता व्हीपीएनच्या, म्हणजे संस्थेच्या खासगी जाळ्याच्या, आत ठेवावी, गुप्त कळ पहिल्याच दिवशी बदलावी, आणि महिन्यातील एक ठरावीक दिवस आवृत्ती अद्ययावत करण्यासाठी राखावा. मेटाबेस सुरुवातीला स्वतःची माहिती एच२ नावाच्या छोट्या भांडारात ठेवते, जे केवळ चाचणीपुरते असते. खऱ्या वापरापूर्वी ती पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये हलवली नाही, तर एका बिघाडात सगळे प्रश्न आणि डॅशबोर्ड जाऊ शकतात. उत्पादकांचे आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक दृश्य-तक्त्यांत येऊच देऊ नयेत. विश्लेषणाला त्यांची गरज नसते, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नंतर त्यांची जबाबदारी बाळगणे हलके राहिलेले नाही.

माणसांच्या बाबतीत काटकसर करू नये. वाचलेल्या रकमेतील एक ठरावीक हिस्सा प्रशिक्षणावर आणि वेतनावर खर्च होईल, हे संचालक मंडळाच्या ठरावातच लिहून घ्यावे. नाहीतर परवाने बंद झाल्याचा आनंद ओसरतो आणि प्रणाली एका माणसाच्या खांद्यावर राहते. तो माणूस नोकरी सोडून गेला की डॅशबोर्ड हळूहळू मरतात. किमान दोघांना प्रणाली उभी करता आणि प्रतीवरून पुन्हा सुरू करता आली पाहिजे, आणि हे त्यांनी वर्षातून एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे. जुन्या प्रणालीत तरबेज असलेल्या कर्मचाऱ्यांना आपले कौशल्य वाया गेले असे वाटणे स्वाभाविक आहे. व्याख्या लिहिण्याचे आणि तपासण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे, कारण कोणता आकडा कोठून येतो हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

दोन्ही प्रणाली काही काळ शेजारीशेजारी चालवाव्यात, आणि हा काळ दिवसांत न मोजता व्यवहाराच्या फेऱ्यांत मोजावा. दूधसंघाच्या बाबतीत दर दहा दिवसांच्या बिलाच्या तीन फेऱ्या आणि एक महिनाअखेर, एवढा तरी असावा. प्रत्येक फेरीत दोन्हीकडचे आकडे पैशापर्यंत जुळवावेत, आणि न जुळणाऱ्या प्रत्येक आकड्याचे कारण लिहून ठेवावे. कधी कधी चूक जुन्या प्रणालीचीच निघते, तेव्हा ती कबूल करून संबंधितांना कळवावे. ते न करता नव्या प्रणालीत जुनी चूक मुद्दाम उतरवणे हे सर्वांत वाईट.

जुना करार संपवण्याची तारीख या सगळ्याच्या आधीच तपासलेली असावी. अनेक करार वर्षाचे किंवा तीन वर्षांचे असतात, आपोआप पुढे वाढतात आणि रद्द करायची सूचना ठरावीक दिवस आधी लेखी द्यावी लागते. ती मुदत एका आठवड्याने चुकली तर पुढच्या संपूर्ण वर्षाचे पैसे जातात. म्हणून मुदतीपूर्वी सहा महिने काम सुरू करावे आणि सूचना जाण्याच्या दिवशी शेजारी चालवण्याच्या फेऱ्या पूर्ण झालेल्या असाव्यात. खाते बंद होण्यापूर्वी मागील वर्षअखेरीचे अहवाल पीडीएफमध्ये, त्यांच्यामागच्या नोंदी साध्या तक्त्यांच्या फाइलीत, सर्व सूत्रे मजकुराच्या रूपात आणि कोणाला काय पाहण्याची परवानगी होती याची यादी, असे सगळे उतरवून लेखापरीक्षकाच्या हवाली करावे, आणि ते उघडते की नाही हे त्याच्याच संगणकावर उघडून पाहावे.